सार्वजनिक बाक कोणासाठी?

महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत गेल्या दहा-बारा वर्षांत ‘सुशोभीकरणा’ची जी लाट आली, तिच्याबरोबर एक नवी वस्तू पदपथांवर, तलावांच्या काठांवर आणि उड्डाणपुलांखालच्या मोकळ्या जागांत अवतरली आहे. लाकडी पट्ट्यांच्या, ओतीव लोखंडी पायांच्या जुन्या बाकाशी तिचे नाते दूरचेच. एकाच साच्यातून काढलेले काँक्रीटचे, फायबरचे किंवा प्लास्टिकचे एकसारखे ठोकळे. कोठे नागमोडी रांगेत मांडलेले, कोठे झाडाभोवती कडे करून ठेवलेले, कोठे पाठीला पाठ लावून उभे. निविदांच्या भाषेत याला ‘मॉड्युलर सीटिंग’ म्हणतात. ही आसने आधुनिक आहेत, छायाचित्रात शोभून दिसतात आणि उद्घाटनाची फीत कापण्यास सोयीची आहेत, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो एवढाच, की ती कोणी बसावे म्हणून केलेली आहेत आणि कोणी बसू नये म्हणून.

पाणी, घरे आणि रोजगार हे प्रश्न डोक्यावर असताना बाकांची चर्चा कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्याच्या घराला सज्जा आहे, ज्याच्यापाशी मोटार आहे आणि ज्याला क्लबाचे सभासदत्व परवडते, त्याला रस्त्यावरच्या बाकाची गरज नसते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांनी राहणारे कुटुंब, पाळी संपवून दुसऱ्या गाडीची वाट पाहणारा कामगार, शहरात उपचारासाठी आलेला आणि रुग्णालयाच्या फाटकाबाहेर दिवस काढणारा खेड्यातला नातेवाईक, सकाळी मजूर नाक्यावर उभा राहणारा बिगारी, डोक्यावरची पाटी क्षणभर खाली ठेवू पाहणारी भाजीवाली – बाक लागतो तो या माणसांना. पैसे न देता, काही विकत न घेता, कोणाचीही परवानगी न मागता बसता येईल अशी जागा शहरात किती उरली आहे, हा प्रश्न म्हणूनच सौंदर्यदृष्टीचा नसून वाटपाचा आहे.

या आसनांच्या तंत्राबद्दल प्रथम न्यायाने बोलले पाहिजे, कारण यंत्राने केलेल्या प्रत्येक गोष्टीला नाके मुरडण्याची सवय पुरोगामी म्हणवणाऱ्यांतही आहे. मॉड्युल म्हणजे ठरीव मापाचा एक घटक. तो एकदा नीट आखला की एका साच्यातून शेकडो नग निघतात, ते परस्परांना जुळतात, आणि जागा जशी असेल तशी त्यांची मांडणी बदलता येते. एक नग फुटला तर तेवढाच बदलावा लागतो. काँक्रीटचा नग स्वतःच्याच वजनाने जागेवर राहतो, त्यामुळे पाया खणण्यासाठी पदपथ उखडावा लागत नाही. प्लास्टिकच्या नगांची रीत आणखी सोपी आहे. पॉलिथिलिनची भुकटी पोकळ साच्यात भरून तो साचा भट्टीत दोन अक्षांभोवती फिरवीत ठेवला की वितळलेला थर आतून सर्वत्र सारखा बसतो. गावोगावच्या छपरांवर दिसणाऱ्या पाण्याच्या टाक्या याच पद्धतीने तयार होतात. थोडक्या खर्चात पुष्कळांची सोय करण्याचे सामर्थ्य या तंत्रात आहे, आणि समाजवादी विचाराच्या माणसाने त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र जे सहज मांडता येते ते सहज उचलताही येते, हे याच तंत्राचे दुसरे अंग होय. जमिनीत रोवलेला बाक काढायचा तर कोणाला तरी ठराव करावा लागतो, कोणाला तरी पहार घेऊन यावे लागते आणि चार लोक पाहतात. सुटे ठोकळे एका रात्रीत ट्रकमध्ये चढतात, आणि सकाळी विचारणा केली तर ‘फेरमांडणी चालू आहे’ असे उत्तर मिळते.

या जातीच्या आसनांचे सर्वांत गाजलेले आणि बऱ्याच अंशी अनुकरणीय उदाहरण व्हिएन्ना शहरातले आहे. तेथे सम्राटाच्या अठराव्या शतकातील अश्वशाळांच्या आवारात २००१ साली ‘म्युझियम्सक्वार्टियर’ हे संग्रहालयांचे विस्तीर्ण संकुल खुले झाले. भोवती मोठमोठी कलादालने आणि मध्ये रिकामे दगडी अंगण, अशी त्याची अवस्था होती. आना पोपेल्का आणि गेओर्ग पोडुश्का यांच्या ‘पीपीएजी’ या वास्तुरचना संस्थेने २००२ साली या अंगणासाठी एकाच आकाराचा भलामोठा पोकळ ठोकळा तयार केला. तो सरळ ठेवला तर त्यावर चार माणसे बसतात, दोघे सुखाने आडवे होतात. दोन समोरासमोर ठेवले तर लहानशी बैठक होते. एकमेकांवर रचले तर हिवाळ्यात त्यांचेच छोटे निवारे उभे करता येतात. संकुलाच्या एका अधिकारी स्त्रीच्या आडनावावरून लोक त्यांना ‘एन्त्सी’ म्हणू लागले. दरवर्षी त्यांचा रंग बदलतो आणि तो कोणता असावा याबद्दल लोकांचा कौल घेतला जातो. पहिले नग फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचे, वरून लेप दिलेले होते. २०१० पासून त्यांची जागा पॉलिथिलिनच्या, पुन्हा वितळवून वापरता येईल अशा नव्या नगांनी घेतली.

या आकारात विशेष काय आहे? विशेष हे, की त्याच्यावर झोपता येते. अंग टाकणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहायचे नाही, असा निर्णय त्या वळणातच घेतलेला आहे. संग्रहालयाचे तिकीट परवडो वा न परवडो, अंगणात दिवसभर पडून राहणाऱ्याला कोणी उठवीत नाही, आणि त्यामुळेच तो परिसर केवळ पर्यटकांचा न राहता शहराचा झाला. पण हेही आपोआप घडलेले नाही. २००९ च्या उन्हाळ्यात बाहेरून आणलेली दारू या आवारात पिण्यास सुरक्षारक्षक हरकत घेऊ लागले. दारूबंदीच्या बाजूचा वाचक येथे कपाळाला आठ्या घालील. परंतु आवारातल्या उपाहारगृहात तीच दारू विकत घेऊन पिण्यास कोणाची हरकत नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे वाद कशाचा होता ते कळते. तरुण मंडळी मोठ्या संख्येने अंगणात जमली, निषेध झाला आणि व्यवस्थापनाला ते निर्बंध सैल करावे लागले. ठोकळे सर्वांसाठी म्हणून ठेवले होते. ते सर्वांचे राहावेत यासाठी मात्र लोकांना जमावे लागले.

व्हिएन्नाला याची थोडीफार सवय असली पाहिजे. १९१९ ते १९३४ या काळात तेथील महापालिका समाजवाद्यांच्या हाती होती, आणि त्या पंधरा वर्षांत तिने कामगारांसाठी साठ हजारांवर घरे बांधली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वसाहत कार्ल मार्क्स होफ. १९३० साली पुरी झालेल्या या वसाहतीत १,३८२ घरे होती, पण इमारतींखाली जमिनीचा जेमतेम पाचवा हिस्सा गेला. बाकीची जमीन अंगणे, बागा आणि खेळण्याच्या जागा यांसाठी राखली होती. कामगाराला छप्पर देऊन भागत नाही, त्याला संध्याकाळी बसायला अंगण लागते, ही जाणीव त्या नगररचनेच्या मुळाशी होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये उजव्या राजवटीने याच वसाहतीवर तोफा डागल्या. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्याच शहरातल्या उद्यानांतील बाकांवर बसण्यास ज्यूंना मनाई झाली. माणसाला समाजाबाहेर काढण्याची सुरुवात त्याला बाकावरून उठवण्यापासून होऊ शकते, हे व्हिएन्नाने पाहिले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने १९५३ साली स्वतंत्र सुविधांचा कायदा करून गोऱ्यांचे बाक व इतरांचे बाक वेगळे केले, आणि दोन्हीकडच्या सोयी समान असण्याची गरज नाही हेही कायद्यातच लिहून टाकले. तो कायदा १९९० साली रद्द झाला.

आपल्याकडे वेगळ्या फलकाची गरज कधी पडली नाही. गावच्या वडाचा पार, चावडीची पायरी, पाटलाच्या वाड्याचा ओटा यांची आठवण काढून जुन्या समाजजीवनाचे गोडवे गाणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. ‘पारावरच्या गप्पां’त सारा गाव येत असे, असे त्यांत हमखास लिहिलेले असते. सारा गाव म्हणजे कोण? महारवाड्यातला आणि मांगवाड्यातला माणूस त्या पारावर बसत नव्हता. कामासाठी बोलावल्यावर खाली, अंतर राखून उभा राहत होता. गावातल्या बायाही त्या पारावर बसत नव्हत्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचे तत्त्व कागदावर आले. ते तत्त्व कृतीत आणण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले. तेव्हा नव्या शहरी बाकाची तुलना जुन्या पाराशी करून हळहळण्यात अर्थ नाही. रस्त्यावरचा नगरपालिकेचा बाक ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात एका अर्थी क्रांतिकारक वस्तू होती; कारण त्यावर आधी कोण बसून गेले हे विचारण्याची सोय नव्हती. म्हणूनच तो बिघडवला जात असेल तर स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

तो कसा बिघडवतात, हे पाहण्यास लंडनला जाणे उपयोगी पडेल. तेथील कॅम्डन विभागाच्या नगरसंस्थेने ‘फॅक्टरी फर्निचर’ या संस्थेकडून आखून घेतलेला काँक्रीटचा बाक २०१२ साली रस्त्यावर आला. त्याचा वरचा पृष्ठभाग जागोजागी वेगवेगळ्या कोनांत उतरता आहे. टेकता येते, फार तर थोडा वेळ बसता येते. आडवे होता येत नाही. कडा अशा, की चाकांच्या फळीवर खेळणाऱ्या पोरांना त्यावरून घसरता येऊ नये. फट कोठेही नाही, म्हणजे अमली पदार्थांची पुडी लपवता येऊ नये. वरचा लेप असा, की रंगाने काही लिहिले तर पुसून टाकता यावे. पायांशी खाच, म्हणजे बसणाऱ्याची पिशवी चोराला ओढता येऊ नये. बारकाईने विचार करणाऱ्या बुद्धिमान माणसांनी केलेली ही वस्तू आहे, हे कबूल केलेच पाहिजे. मात्र तिच्यातली सारी बुद्धी काय होऊ नये एवढ्याच विचारात खर्च झाली आहे. बेघराने झोपू नये, पोराने खेळू नये, कोणी लिहू नये, कोणी फार वेळ थांबू नये. या सर्वांतून वाचून जो उरतो तो नागरिक या बाकाचा खरा मालक. आणि त्यालाही तो बाक टोचतो. १९५३ च्या कायद्याला फलक लावावा लागत होता. येथे फलक नाही, पोलीस नाही, ठराव नाही. उतार आपले काम बिनबोभाट करतो आणि कोणावर ठपकाही येत नाही.

मुंबईनेही या शाळेत नाव घातले आहे. २०१८ च्या मार्चमध्ये एका बड्या खासगी बँकेने फोर्ट भागातील आपल्या शाखेबाहेरच्या कठड्यावर टोकदार लोखंडी खिळ्यांच्या रांगा बसवल्या. लोकांनी ओरड केल्यावर त्या काढाव्या लागल्या. खिळे दिसतात, म्हणून त्यांच्याविरुद्ध ओरड करता येते. बाकाच्या मध्यभागी बसवलेला हातटेका दिसत नाही; तो सोय वाटतो. आणि काही अंशी तो सोय असतोही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला उठताना हाताला आधार लागतो. परंतु तो आधार दोन टोकांना दिला तरी काम भागते. प्रत्येक दोन फुटांवर लोखंडी कमान उभी केली की तिचा हेतू म्हाताऱ्यांची काळजी हा राहत नाही. बसथांब्यांवरची पुढे कललेली, दोन-तीन नळ्यांची आसने याच पंथातली. ज्या देशात गाडीची वाट पाहण्यात आयुष्याचा एवढा भाग जातो, त्या देशात बसथांब्यावर माणूस नीट बसू नये अशी योजना करणाऱ्यांनी ती स्वतः अर्धा तास वापरून पाहावी.

न्यूयॉर्कचा अनुभव याहून बोधप्रद आहे, कारण तेथे प्रश्न मुळाशी जाऊन भिडतो: जागा कोणाची? १९६१ साली त्या शहराने नवी बांधकाम नियमावली केली. इमारतीच्या पायथ्याशी सार्वजनिक चौक मोकळा सोडणाऱ्या मालकाला दाट व्यापारी विभागात दर चौरस फुटामागे दहा चौरस फूट जादा बांधकामाची मुभा मिळू लागली. महाराष्ट्रातल्या वाचकाला चटईक्षेत्राच्या या व्यवहाराची ओळख करून देण्याची गरज नाही. बिल्डरांनी जादा मजले चढवले, चौक सोडले, आणि त्या चौकांत कोणी थांबणार नाही याची पुरेपूर व्यवस्था केली. कठड्यांवर टोके बसवली, काठ निसरडे केले, बसण्यास जागाच ठेवली नाही. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७० नंतर कॅमेरे घेऊन या चौकांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. काही चौक गजबजलेले आणि काही ओस, असे का, याचा शोध घेताना त्याने ऊन, वारा, आकार, सौंदर्य असे सर्व घटक तपासले. आणि अखेरीस जो निष्कर्ष निघाला तो हा, की जेथे बसायला जागा असते तेथे लोक बसतात. वाचक हसेल. परंतु एवढी साधी गोष्ट नियमावलीत शिरण्यास १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षापासून चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बसण्याची जागा देणे नव्या चौकांना बंधनकारक झाले. १९८० साली व्हाइटचे ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ हे पुस्तक निघाले.

व्हाइटची एक नोंद आजच्या मॉड्युलर आसनांच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. सुटी, हलवता येणारी खुर्ची दिसली की माणूस तीत बसण्यापूर्वी ती किंचित सरकवतो. चार बोटे इकडे किंवा तिकडे, कित्येकदा पुन्हा होती तेथेच. त्यातून उपयोग काहीच साधत नाही. पण ही जागा आपण निवडली, एवढे समाधान मिळते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात अशा लोखंडी खुर्च्या कित्येक पिढ्या आहेत. एके काळी त्यांचे भाडे द्यावे लागे आणि ते गोळा करणाऱ्या बायका उद्यानात फिरत. १९७४ मध्ये तो प्रकार बंद झाला. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कने १९९२ साली नूतनीकरणानंतर हीच सुट्या खुर्च्यांची रीत स्वीकारली. म्हणजे ‘हलवता येणे’ या एका गुणाचे दोन निरनिराळे अर्थ आहेत. खुर्ची बसणारा हलवतो, तेव्हा जागेवर त्याची सत्ता चालते. ठोकळा व्यवस्थापन हलवते, तेव्हा बसणारा त्या मांडणीतले एक सोंगटे ठरतो. जाहिरातपत्रकांत ‘लवचिक मांडणी’ म्हणून जिची थोरवी गायलेली असते ती बहुधा दुसऱ्या प्रकारची असते.

मालकीचा प्रश्न २०११ साली उघडा पडला. वॉल स्ट्रीटवरील वित्तसत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या आंदोलकांनी त्या सप्टेंबरात झुकोटी पार्क या छोट्या चौकात ठाण मांडले. चौक खासगी मालकीचा. पण बांधकामाच्या सवलतींपोटी तो रात्रंदिवस खुला ठेवण्याची अट मालकावर होती. नगरपालिकेची उद्याने रात्री बंद होतात, म्हणून तेथे ठाण मांडणे शक्य नव्हते; या खासगी चौकातून मात्र पोलिसांना लोकांना लगेच हुसकता आले नाही. जवळजवळ दोन महिने तो चौक चर्चेचा आणि सभांचा अड्डा झाला. मग मालकाने झोपण्यास व सामान मांडण्यास मनाई करणारे नियम पुढे केले आणि १५ नोव्हेंबर २०११ च्या रात्री पोलिसांनी चौक रिकामा केला. सार्वजनिक वापराचा हक्क जोवर कोणी खरोखर बजावीत नाही तोवर तो अबाधित असतो, हा भांडवली लोकशाहीचा नियमच म्हणायचा. मुंबईतही २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने मोकळ्या जागा खासगी संस्थांना ‘दत्तक’ देण्याचे धोरण मंजूर केले होते. लोकांचा विरोध एवढा तीव्र झाला, की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. ‘दत्तक’ हा शब्द ज्याला सुचला त्याला दाद दिली पाहिजे. आईबाप हयात असताना, त्यांना न विचारता मूल दत्तक देण्याचा हा प्रकार होता.

आता महाराष्ट्राच्या स्वतःच्या मॉड्युलर आसनाकडे वळावे. ते परदेशातून आलेले नाही. दोन पाय, एक बैठक, एक पाठ असे सिमेंटचे चार भाग साच्यात ओतून ठेवायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे, असा हा बाक वॉर्डावॉर्डांत, स्मशानभूमीपासून शाळेच्या फाटकापर्यंत सर्वत्र आढळतो. तो दणकट असतो, स्वस्त असतो, स्थानिक कारागीर तो घडवतात, आणि त्याच्यावर माणूस झोपू शकतो. एवढे सारे गुण असलेल्या या बाकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत एखाद्या लोकप्रतिनिधीचे नाव आणि ‘यांच्या सौजन्याने’ हे शब्द असतात. पैसा नगरसेवक निधीतला, म्हणजे करदात्याचा. सौजन्य मात्र साहेबांचे. दान घेणाऱ्याने दात्याच्या नावाला पाठ टेकून बसावे, अशी ही रचना सरंजामशाही मनोवृत्तीची खूण आहे, आणि डाव्या-समाजवादी पक्षांचे लोकप्रतिनिधीही या मोहातून सुटलेले नाहीत, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. नव्या पद्धतीच्या आसनांवर नाव नसते. पण तेथे नावाची जागा ठेकेदाराच्या देयकाने घेतलेली असते. घरच्या साच्यातला बाक टाकून कंपनीच्या सूचिपत्रातली आसने मागवली, की किमतीचा अंदाज घेण्याचे साधनच नागरिकाच्या हातून जाते. सिमेंटच्या बाकाला काय पडते हे गवंडी सांगू शकतो. ‘अर्गोनॉमिक’ वळणाच्या फायबर आसनाला काय पडते, हे कोण सांगणार?

शिवाय ती येथल्या शरीरांसाठी आणि हवेसाठी केलेली नसतात. सर्वसाधारण आसनाची उंची जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर धरतात. ती ठीक आहे. पण खोली? या देशातला माणूस बसतो म्हणजे पुष्कळदा पाय वर घेऊन मांडी घालून बसतो. शेजारी पाटी किंवा गाठोडे ठेवतो. आई मुलाला कडेला निजवते. ओट्यावर आणि कट्ट्यावर हे सर्व सहज होते, अरुंद वळणदार ठोकळ्यावर होत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेथे सावलीविना ठेवलेल्या पोलादी किंवा गडद दगडाच्या आसनाला दुपारी हात लावून पाहावा. झाड तोडून त्या जागी झाडाच्या आकाराचे आसन ठेवण्यापर्यंत सौंदर्यदृष्टीची मजल गेलेली आहे. मुंबईकरांनी तर या बाबतीत तज्ज्ञांना केव्हाच मागे टाकले. मरीन ड्राइव्हचा साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा कठडा हा देशातला सर्वांत लांब आणि सर्वांत लोकशाहीवादी बाक असेल. आणि त्याच्या पलीकडचे काँक्रीटचे चार पायांचे टेट्रापॉड, जे १९५० साली फ्रेंच अभियंत्यांनी लाटा फोडण्यासाठी शोधून काढले, ते घरात एकांत न मिळणाऱ्या जोडप्यांचे आसन झाले. एका साच्यातून निघालेला, परस्परांत गुंतणारा, कोठेही मांडता येणारा हा घटक बसण्यासाठी केलेलाच नव्हता. आणि त्यावर नीट बसता येते!

स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर बाकाचा प्रश्न आणखी निराळा दिसतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईतील स्त्रियांविषयी जे दाखवले ते कोणत्याही शहराला लागू पडेल. स्त्रीने रस्त्यावर असण्याला कारण असावे लागते: कामावर जाणे, मुलाला शाळेतून आणणे, भाजी घेणे. नुसतेच बसलेली स्त्री संशयास्पद ठरते. पानाच्या टपरीसमोर, भिंतीकडे पाठ न करता, अंधारात ठेवलेला बाक पुरुषांचा होतो. तोच दिव्याखाली, रहदारीच्या नजरेत, शौचालयापासून जवळ ठेवला तर स्त्रिया बसतात. ठोकळा तोच, जागा ठरवणाऱ्या समितीत स्त्री होती की नाही, एवढाच फरक. बसणे हा हक्क मानावा लागतो याची जाणीव केरळातल्या कापड दुकानांतील स्त्रियांनी करून दिली. दिवसभर उभे राहून विक्री करणाऱ्या या स्त्रियांच्या लढ्यानंतर केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करून कामाच्या जागी बसण्याची सोय बंधनकारक केली. दुकानाच्या आत जो हक्क कायद्याने मान्य होतो तो दुकानाबाहेरच्या पदपथावर भाजीवालीला का नसावा?

बेघराने बाकावर झोपावे हे काही कोणाचे ध्येय नाही. त्याला रात्रनिवारा मिळाला पाहिजे, घर मिळाले पाहिजे, आणि तोवर त्याचा बाक काढून घेता कामा नये. पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. तरी पर्यायी जागेच्या बाबतीत त्या माणसांच्या पदरात फारच थोडे पडले. बाकावर कमानी ठोकून बेघरांची संख्या कमी होत नाही, ते फक्त पुढच्या चौकात जातात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी काय करावे? प्रभाग समितीकडे सुशोभीकरणाचे प्रकरण येते तेव्हा आराखडा पास झालेला असतो आणि उरते ती केवळ फीत. म्हणून अंदाजपत्रकाच्या आधी हलले पाहिजे. आसनांच्या तपशिलात पाठ असावी, हातटेके केवळ टोकांना असावेत, निदान निम्म्या आसनांवर मांडी घालून बसता येईल एवढी खोली असावी, सावलीच्या झाडाशिवाय आसन मांडू नये, कोणाचेही नाव त्यावर नसावे, आणि साचा महापालिकेच्या मालकीचा असावा, म्हणजे फुटलेला नग स्थानिक कारागिराकडून करून घेता येईल, अशा अटी निविदेत घालण्याची मागणी लेखी करावी. एकदा मांडलेली आसने प्रभाग समितीच्या ठरावाविना उचलता येणार नाहीत, हीही अट असावी. या मागणीला आधार म्हणून आपल्या वॉर्डातील बसण्याच्या जागांची मोजणी करावी. दोन कार्यकर्ते, एक वही, आठवड्यातले तीन दिवस. सकाळी सातला मजूर नाक्यावर, संध्याकाळी सहाला बसथांब्यावर, रात्री दहाला रुग्णालयाच्या फाटकाशी: किती लोक बसलेले, किती उभे, किती जमिनीवर, त्यांत स्त्रिया किती, साठीच्या पुढचे किती. दुपारी बारा ते तीनची नोंद चुकवू नये, कारण आराखडे करणारी मंडळी त्या वेळी जागेवर कधीच आलेली नसतात.